फ्रेरिया इंडिका : एका प्रजातीचा उदय आणि विलय

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. त्रिधारी निवडुंग आणि वई निवडुंग या एरंड कुलातील वनस्पती होत; फड्या निवडुंग हा खऱ्या कॅक्टस कुलातील असून तो अमेरिकेतून समुद्रमार्गे या देशात आला. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यांना कॅक्टस म्हणतात त्या कुलातील एकही जाती महाराष्ट्राच्या भूमीत मुळात उपजलेली नाही. मात्र पाण्याच्या दुर्भिक्षाला तोंड देण्यासाठी जाड, मांसल खोड धारण करण्याचा जो मार्ग अमेरिकेतील कॅक्टसांनी पत्करला, तोच निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींनी इतरत्र स्वतंत्रपणे पत्करला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी ‘शिंदळ माकुडी’ हे त्याचे एक लहानसे, दुर्मिळ आणि शास्त्रीय दृष्ट्या अतिशय बोधप्रद उदाहरण होय. तिचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. या नावाचा इतिहास पाहिला असता, वनस्पतीचे महत्त्व तिच्या नावावर अवलंबून असते की तिच्या स्थानावर, हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो.

ही वनस्पती रुई कुलातील आहे. आधुनिक वर्गीकरणात हे कुल कण्हेर कुलात समाविष्ट केले गेले आहे. तिचे खोड बोटाएवढ्या जाडीचे, गोलसर व करड्या-हिरव्या रंगाचे असून ते खडकाच्या फटीतून बाहेर पडून आडवे पसरते किंवा कड्यावरून खाली लोंबते. पावसाळ्यात त्यावर साधी, लंबगोल, काहीशी मांसल पाने येतात. कोरडा ऋतू सुरू झाला की ती गळून पडतात आणि खोडावर केवळ त्यांचे वण उरतात. उन्हाळ्यात तिला पाहणाऱ्यास ती एखाद्या क्षुद्र निवडुंगाची कांडी वाटावी, यात नवल नाही. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. पाच पाकळ्यांचा, ताऱ्यासारखा पसरट पुष्पमुकुट गडद तांबडा असून त्यावर पिवळे डाग असतात. फुलांना येणाऱ्या दुर्गंधाने माश्या आकृष्ट होतात व त्यांच्याकडून परागपुंजांचे वहन होते. फळे म्हणजे जोडीने येणाऱ्या निमुळत्या पेटिका होत. बियांच्या टोकास रेशमी केसांचा झुबका असल्याने त्यांचा प्रसार वाऱ्याने होतो.

या वनस्पतीची शास्त्राला ओळख तुलनेने उशिरा झाली. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोलस अलेक्झांडर डॅलझेल व त्यांचे पूर्वाधिकारी अलेक्झांडर गिब्सन यांनी इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिचा निर्देश नाही. पुढे जुन्नर परिसरातील खडकांवर मिळालेल्या नमुन्यांवरून डॅलझेल यांनी १८६४ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. तिच्याकरिता त्यांनी नवी प्रजाती स्थापन केली आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तीस दिले. सत्ताधीशांच्या सन्मानार्थ वनस्पतींना नावे देण्याची त्या काळची प्रथा येथेही पाळली गेली.

नवी प्रजाती मानण्यास मुख्य आधार होता तो पानांचा. कॅरालुमा आदी जवळच्या वनस्पतींत पाने अगदी खुरटलेली, जवळजवळ नाममात्र असतात. या एकाच वनस्पतीत ती पूर्णपणे विकसित झालेली दिसतात. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिग्रंथाने आणि पुढे कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथाने (१९०१–१९०८) ही प्रजाती मान्य केली. परंतु फुलांची रचना पाहता ती कॅरालुमापासून फारशी वेगळी नाही, हा आक्षेप बळावत गेला. १९५८ साली गॉर्डन रॉली यांनी तिला कॅरालुमा प्रजातीत घातले. त्या प्रजातीत ‘इंडिका’ हे जातिनाम आधीच वापरलेले असल्याने त्यांनी ‘फ्रेरेय’ हे नाव योजिले, आणि प्रजातीतून गेलेले गव्हर्नरांचे नाव जातीत टिकून राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जनुकीय पुराव्याच्या आधारे तिची रवानगी बाउसेरोसिया प्रजातीत झाली. तर २०१७ साली काही संशोधकांनी हा सर्वच समूह सेरोपेजिया, म्हणजे खरपुडीच्या प्रजातीत, विलीन करावा असे प्रतिपादन केले.

प्रजातीचा आधार म्हणून पानांचे महत्त्व अशा रीतीने ओसरले, तरी शरीरक्रियेच्या दृष्टीने ते वाढले. १९७७ साली लांगे व त्सुबर या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, या वनस्पतीची पाने सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात. खोड मात्र निवडुंगाप्रमाणे तो रात्री घेऊन आम्लरूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचा उपयोग करते. पाऊस असताना पानांनी वाढ साधावयाची आणि पाणी आटताच पाने टाकून खोडाच्या बळावर तग धरावयाचा, अशी ही दुहेरी व्यवस्था एकाच देहात नांदते.

या व्यवस्थेचा वनस्पतीच्या स्थानाशी निकटचा संबंध आहे. शिवनेरी, पुरंदर–वज्रगड, सज्जनगड अशा पश्चिम महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांचे व डोंगरांचे उभे कडे हेच तिचे घर. दख्खनचा काळा पाषाण पूर्वेस नागपूरच्या सीताबर्डी टेकडीपर्यंत पसरलेला आहे; फ्रेरिया मात्र पश्चिमेकडील डोंगरांपुरतीच मर्यादित राहिली. तेव्हा केवळ खडकाच्या जातीवरून तिच्या प्रसाराचा उलगडा होत नाही. मुसळधार पावसाचे थोडे महिने, त्यानंतरचा दीर्घ कोरडा काळ, मातीचा अल्प संचय आणि गुरे-शेळ्या सहसा पोहोचू शकणार नाहीत असा उभा उतार, या सर्वांचा मेळ जेथे बसतो तेथेच तिला आश्रय मिळतो.

१९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने प्रसिद्ध केलेल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथात तिचा समावेश झाला. तिचा गौरव बहुधा ‘एकाच जातीची, प्रदेशनिष्ठ प्रजाती’ या शब्दांत होत आला. खोडाच्या तुकड्यांपासून तिची लागवड सहज होते, आणि उद्यानांतून ती वाढविलीही गेली आहे. परंतु कुंडीतील वाढ ही कड्यावरील वस्तीची जागा घेऊ शकत नाही. आता प्रजातीच उरली नाही, तर संरक्षणाचा आग्रहही सैल पडावा काय? वरील इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. दीड शतकात नाव अनेकदा पालटले, तरी कडा तोच राहिला आणि त्यावरील वनस्पतीही तीच राहिली. नाव हे शास्त्राच्या त्या त्या काळातील ज्ञानाचे द्योतक असते. दुर्मिळता ही भूमीची वस्तुस्थिती असते. संरक्षणाचा आधार पहिल्यावर न ठेवता दुसरीवर ठेवणे, हेच शास्त्रास धरून होईल.