रुमालात बांधलेला इतिहास आणि तो राखणारी माणसे

एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, की तिच्या वास्तूचे, देणगीदारांचे व कार्यकर्त्यांचे स्मरण आपण आवर्जून करतो. ते योग्यच आहे. परंतु ही पन्नास वर्षे घडली याचा पुरावा ज्या कागदांत असतो, ती इतिवृत्ते, पावतीपुस्तके, जुन्या वह्या आणि पत्रव्यवहार ज्यांनी सांभाळले, त्यांचे नाव सहसा कोणत्याही फलकावर नसते. मोठ्या इतिहासाच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. राजे आणि सेनापती आपल्याला ठाऊक असतात; त्यांचे कागद वाचवणारे मात्र आपण विसरून जातो. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने अशा काही दप्तरकारांची व संशोधकांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. परंतु या विषयात कापडाचाही थोडा वाटा आहे. जुनी कागदपत्रे ज्या चौकोनी वस्त्रात बांधून ठेवीत त्याला रुमाल म्हणतात, आणि आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात दप्तराची मोजणी रुमालांवरच होते. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच व्यवहारातून आला. कागद बासनात जाणे म्हणजे विषय संपणे, असा अर्थ त्याला चिकटला. तो अर्थ ज्यांनी खोटा ठरवला, त्यांचीच ही हकीकत आहे.

माहूरचे दप्तर कोठे आहे?

आरंभ आपल्या गावापासून करू. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये माहूरचे नाव आहे. पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात आला. ज्या किनवट तालुक्यात माहूर मोडत असे, तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा निघाला. तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. आज माहूर स्वतंत्र तालुका आहे.

गाव आपल्या जागेवरून हलले नाही, पण त्याचा कारभार वऱ्हाड, हैदराबाद, आदिलाबाद आणि नांदेड असा फिरत राहिला. परिणामी आपल्या भागाविषयीचे कागद एका जागी नाहीत, एका भाषेतही नाहीत. मोगली कारभाराची भाषा फारसी, निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू, आणि गावपातळीवरचा हिशेब मोडीत. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराचे लाखाहून अधिक फारसी कागद आज हैदराबादेत, तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. त्यांतील निवडक कागद डॉ. युसूफ हुसेन खान यांनी संपादित करून १९५० पासून प्रसिद्ध केले. मराठवाड्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याला म्हणून हैदराबादची वाट चुकत नाही.

म्हाइंभटांची पायपीट आणि लिपीचे कुलूप

माहूर हे दत्तात्रेयांचे स्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. महानुभाव पंथालाही ते पूज्य आहे. या पंथाने मराठी भाषेला तिच्या आरंभकाळातील एक मोठा दप्तरकार दिला, तो म्हणजे म्हाइंभट. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी जे पाहिले वा ऐकले, त्यांच्याकडे स्वतः जाऊन ते विचारून घ्यायचे, नागदेवाचार्यांकडून त्याची शहानिशा करायची आणि मगच लिहायचे, अशी त्यांची रीत होती. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. साक्षीदाराला गाठून जबानी घेणे आणि ती दुसऱ्याकडून पडताळणे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वी मराठीत होती, ही सामान्य गोष्ट नव्हे.

देवगिरीवर उत्तरेच्या फौजा आल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला गेला. त्यांत हिराइसा या साध्वीचे नाव आदराने घेतले जाते. निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणात फरक पडला, तेथे पाठभेद राखून ठेवले गेले. आपल्याला पटतो तेवढाच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकण्याचा मोह त्या मंडळींनी टाळला.

पुढे पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’ आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण शेकडो वर्षे इतर मराठी वाचकांना त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारखे संशोधक आणि विश्वासाने पोथ्या दाखवणारे महंत यांच्यामुळे ते कुलूप उघडले. आपल्या शेजारच्या यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे पोथ्या व कागद जमवले आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका ग्रंथाला रिद्धपूरपासून छापखान्यापर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला.

राजवाडे आणि पेशवे दप्तर

दप्तर म्हटले की महाराष्ट्रात पहिले नाव राजवाड्यांचे येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ ते १९२६) यांनी नोकरीचा मार्ग सोडला आणि गावोगाव हिंडून वाड्यांचे माळे व देवघरांतील पेट्या धुंडाळल्या. वाईला मिळालेल्या कागदांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्याचा काळ १७५० ते १७६१ आहे. म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यातील उदगीरची फेब्रुवारी १७६० ची लढाई आणि पुढल्याच वर्षीचे पानिपत, दोन्ही त्यात येतात. या साधनांचे २२ खंड त्यांनी काढले आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली.

मराठवाड्याशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. बीडला त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. छापलेली प्रत तेवढी राहिली. प्रत झाली म्हणून पाठ वाचला, आणि मूळ गेले म्हणून वाद मिटवण्याचे साधन गेले. कागद जपणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्यात.

मिरजेत शिक्षकी करीत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आपला थोर संग्रह उभा केला. पारसनीस, भावे आणि राजवाडे हे तिघेही १९२६ या एकाच वर्षी निवर्तले. महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाला ते वर्ष फार जड गेले.

या सर्वांनी खासगी घरे धुंडाळली. सर्वांत मोठा साठा असलेले पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते. १८१८ नंतर इंग्रजांनी ते घेतले, इनाम चौकशीसाठी वापरले आणि बांधून ठेवले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून केलेले वेचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले गेले. परंतु दप्तर खऱ्या अर्थाने खुले झाले ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून. बडोद्याची सेवा संपवून विश्रांती घ्यावी अशा वयात, साठी ओलांडल्यावर, त्यांनी हे काम पत्करले. सर जदुनाथ सरकार यांचे पाठबळ त्यांना होते. तीस हजारांहून अधिक रुमाल समोर असताना, काही सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी १९३४ पर्यंत ४५ खंड पुरे केले. आपल्यातील जे लोक साठीनंतर पेढीवरून उठून ‘आता काय करायचे’ असे विचारतात, त्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

निलंग्याचे सेतुमाधवराव

आपल्या भूमीने या परंपरेला दिलेला श्रेष्ठ पुरुष म्हणजे सेतुमाधवराव पगडी. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे झाला. निजामी राज्यात उर्दू ही राज्यभाषा होती आणि मराठीला दुय्यम स्थान होते. त्याविषयीची खंत आपल्या वाडवडिलांनी अनुभवली आहे. परंतु सेतुमाधवरावांनी त्याच परिस्थितीतून उर्दू व फारसीवर प्रभुत्व मिळवले आणि पुढे तेच मराठ्यांच्या इतिहासाची किल्ली म्हणून वापरले.

हैदराबादच्या मुलकी सेवेत त्यांनी उच्च पदे भूषविली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर गॅझेटिअर विभागाचे संपादकपद सांभाळले. भीमसेन सक्सेना याच्या ‘तारीखे दिलकुशा’चा अनुवाद त्यांनी ‘मोगल आणि मराठे’ या नावाने केला. औरंगजेबाच्या दरबारातील अखबारांवरून ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ सिद्ध केली. या अखबारांचा प्रवास मनोरंजक आहे. दख्खनमध्ये बादशहाच्या छावणीत असलेले राजपूत राजांचे वकील दरबारच्या बातम्या जयपूरकडे पाठवीत. त्यांतील बरेच कागद आज बिकानेरला आहेत, तर काही कर्नल टॉडबरोबर लंडनला गेले. आपल्या भूमीवरील लढायांची वार्ता परक्या वकिलाच्या लेखणीने टिकली आणि निलंग्याच्या माणसाने ती मराठीत परत आणली. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूडबिद्रीचा धडा

आपल्या समाजात शास्त्र राखण्याची परंपरा जुनी आहे. ती ठेव जपण्यात आणि उघडण्यात काय अंतर आहे, हे मूडबिद्रीच्या हकीकतीतून दिसते. धवला, जयधवला व महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवरील प्रती कर्नाटकात मूडबिद्री येथे होत्या. शतकानुशतके त्यांचे केवळ दर्शन घडत असे. जुन्या कन्नड लिपीतील ती पाने वाचणारा क्वचितच. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद तेथे यात्रेस गेले. त्यांच्याकडून कळल्यावर दुसऱ्या वर्षी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेऊन गेले. ताडपत्रे झिजत चालली होती. या व्यापाऱ्यांनी निधी जमवून नकला करवण्याचे ठरवले आणि मिरजेचे गजपती शास्त्री या कामात आले. काम अनेक वर्षे चालले.

नक्कल बाहेर जाऊ नये, अशी तेथील व्यवस्थापकांची अट होती. गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत केली आणि ती सोलापूरला आणली. शेठ हिराचंद यांनी ती घेण्यास नकार दिला. माणिकचंदांनीही घेतली नाही. ती प्रत अखेर सहारनपूरला गेली, आणि तेथून तिच्या नकला देशभर पसरल्या. त्यांच्याच आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले.

यात कोण योग्य आणि कोण अयोग्य? दिलेला शब्द पाळणाऱ्या शेठजींना व्यापारी म्हणून माझा नमस्कार आहे. पण ती प्रत बाहेर आली नसती, तर आपल्या हाती ग्रंथ केव्हा पडला असता, हेही सांगवत नाही. राखणारे विश्वासाने वेळीच प्रत काढू देतील, तर अशा चोरवाटेची गरजच पडणार नाही.

आपण काय करावे

वही-खाते हाही इतिहासच आहे. जुन्या पेढ्यांच्या मोडीतील रोजकीर्दी व खतावण्यांत धान्य, कापूस, कापड यांचे भाव, दुष्काळातील उधारी, धर्मादाय खाती, सारे सापडते. घरे पाडताना त्या रद्दीत जातात. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. त्या प्रश्नाच्या वादात येथे शिरायचे नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ आजच्या कुटुंबाच्या किती कामी येते, हे सर्वांनी पाहिले.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. जुने कागद बांधायला नवे कोरे कापड घेऊ नये. त्यातील खळ कसरीला बोलावते. मांजरपाट दोन-तीनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक वाळवून मगच वापरावा. रंग जाणारा लाल खारवा तर टाळावाच. प्रत्येक बासनावर आतील कागदांची यादी असावी. महत्त्वाच्या कागदांची छायाचित्रे काढून एक संच ट्रस्टकडे व एक अन्यत्र ठेवावा. आणि समाजातील दोन तरुण-तरुणींना मोडी शिकण्यासाठी ट्रस्टने साहाय्य करावे. एका मध्यम सत्काराच्या खर्चात हे होईल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्या सभेचे इतिवृत्त लिहिले, त्यांना ते आज कोणी वाचेल असे वाटले असेल किंवा नसेल. पण त्यांनी ते तारीखवार आणि सह्यांनिशी लिहिले. शताब्दीच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्याला तेवढीच सोय आपल्याकडून मिळावी, ही नम्र विनंती.