पटकीच्या विषाची वाट

१८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु निश्चित केला, आणि हा जंतु आतड्यांत कांहीं विशेष विष निर्माण करीत असावा, असें अनुमानहि केलें. जंतु सर्वांना दिसला. विष मात्र पुढें पाऊणशें वर्षें कोणाच्या हातीं लागलें नाहीं. बहुतेक शोधक जनावरांच्या रक्तांत किंवा पोटाच्या पोकळींत जंतु टोंचीत राहिले. रोग आतड्याचा आणि परीक्षा रक्ताची! मग विष सांपडावें कसें?

ही चूक कलकत्त्याच्याच एका डॉक्टरानें हेरली. शंभुनाथ डे यांनीं सशाच्या लहान आतड्याचा एक भाग, शरीरांतच ठेवून, दोन्ही टोंकांस दोऱ्यानें बांधला व त्यांत पटकीचे जंतु सोडले. दुसऱ्या दिवशीं तो भाग पाण्यानें तट्ट फुगलेला आढळला. हें १९५३ मधील काम. १९५९ मध्यें त्यांनीं जंतु गाळून काढलेला नुसता द्रव आंत घातला. तरी आतडें तसेंच फुगलें. जंतु हजर नसतांहि त्याचें विष काम करतें, हें सिद्ध झालें. साधनें किती साधीं: दोरा, सुई आणि ससा!

आतां प्रश्न उरला तो असा कीं, हें विष आतड्याच्या पेशीला ओळखतें कसें? १९७१ ते १९७३ या काळांत ऑक्सफर्डचे वान हेनिंगेन व स्वीडनचे होल्मग्रेन यांच्या कामांतून उत्तर मिळालें, आणि तें ऐकणारास नवल वाटेल असें आहे. पेशीच्या पृष्ठभागावर स्निग्ध द्रव्यास जडलेले शर्करांचे लहान झुबके असतात. त्यांतील जीएम१ नांवाचा झुबका हीच विषाची खूण. विषाचें प्रथिन सहा भागांचें. पांच भाग कड्यासारखे मांडलेले असून त्यांना ती शर्करा धरण्यापुरत्या खोबणी असतात. सहावा भाग घातक खरा, पण एकट्यानें आंत शिरण्यास असमर्थ. पांचांनीं शर्करा पकडली कीं तो पेशींत उतरतो, आणि पेशी क्षार व पाणी बाहेर ओतूं लागते. जबर दुखण्यांत रोगी तासाला लिटरभर पाणी गमावूं शकतो. घरोघरीं परिचित असलेल्या एरंडीच्या बियांतील विषहि असेंच शर्करा धरून आंत शिरतें.

डे १९८५ सालीं वारले. १९७८ मध्यें स्वीडनमधील पटकीविषयक नोबेल परिसंवादाचें त्यांना बोलावणें आलें होतें. भारतांतील विज्ञान-अकादमींनीं मात्र त्यांच्या हयातींत त्यांना सभासद करून घेतलें नाहीं.