मोकळा दिवस

शाळेच्या मैदानाकडेला टाळ्या वाजवणारे आईबाप म्हणजेच मुलाच्या खेळाला पाठिंबा, ही समजूत सुटीचा रविवार असलेल्या शहरांची. दादरा व नगर हवेलीतल्या सिल्वासात तिची फूटपट्टी लावली तर हाती चुकीचा निष्कर्ष येतो. 2 ऑगस्ट 1954 रोजी इथली पोर्तुगीज सत्ता संपली, 1961 मध्ये दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. तेव्हाचा हा मुलूख वारली, धोडिया, कोकणा कुटुंबांचा, पावसावरच्या भातशेतीचा. आवणीच्या दिवसांत आई चिखलात वाकून रोपं लावणार, थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसणार, मुलगा गुरांमागे. अशा घराने पोराला शाळेत आणि वर खेळायला सोडणं म्हणजे एक कामकरी हात सोडणं. पाठिंबा तो हाच, आणि तो मैदानावर दिसत नाही.

कुणी म्हणेल, ही गरिबीची भलामण झाली. बूट नाहीत, खुराक नाही, तिथे नुसत्या परवानगीने काय होतं? आक्षेप निम्मा खरा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य जिंकलं, त्यामागे प्रशिक्षकाची वर्षानुवर्षांची मेहनत होती. पण प्रशिक्षकाच्या हाती पोर लागते ती घराने सोडल्यावर. इकडे सिल्वासात विलीनीकरणानंतर करसवलतींमुळे कारखाने आले आणि शेताची जागा पाळीने घेतली. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळच्या शर्यतीला नसतो. डबा मात्र भरलेला असतो.