पोटातली पोकळी कुणी मोजली?

मंडळी, हठयोगप्रदीपिकेत बस्तीची कृती दिलीय. बेंबीपर्यंतच्या पाण्यात उत्कटासनात बसायचं, गुदद्वारात नळी घालायची आणि पाणी आत ओढून घ्यायचं. पंप नाही, काही नाही! (घरी करून बघू नका, बरं का.) मग पाणी वर चढतं कसं? सिद्धी म्हणून सोडून देणं सोपं होतं. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुण्यांनी, सरळ दाबमापक लावला. नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू मधोमध उभे काढताना, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. मग पाणी आत येणारच की! या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजींचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' सुरू केलं आणि हे प्रयोग त्यात छापून टाकले.