विद्यार्थिनी की कामगार? परदेशी गेलेल्या परिचारिकांच्या इतिहासातून

परिचर्येचे शिक्षण आणि परिचर्येचे काम या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढणे मुळातच अवघड आहे. वकिलीचा विद्यार्थी शिकत असताना न्यायालयात खटला चालवीत नाही; परंतु परिचर्येची विद्यार्थिनी शिकता शिकताच वॉर्डात उभी राहते, रुग्णाचे अंथरूण बदलते, रात्रपाळी करते. ती शिकत असते हे खरे, आणि तिच्या हातून रुग्णालयाचे काम होत असते हेही तितकेच खरे. या दोहोंमधली रेषा कोठे ओढावयाची, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयांना जोडलेल्या परिचर्या-शाळांवर हाच ठपका ठेवला होता की, तेथे विद्यार्थिनींच्या शिक्षणापेक्षा रुग्णालयाच्या गरजेला अग्रक्रम मिळतो. तो अहवाल त्या देशातल्याच मुलींविषयी होता. पुढे त्याच वॉर्डांत परदेशी मुली येऊ लागल्या, तेव्हा प्रश्न अधिक बिकट झाला. कारण या मुलींचा त्या देशात राहण्याचा अधिकारही आता त्या कामाशी बांधला गेला होता.

आज हा इतिहास उकरून काढण्याचे कारण उघड आहे. परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या मुलींपुढे परदेशच्या ‘शिका आणि कमवा’ योजना येत असतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, तेव्हापासून ही चर्चा आपल्या घराघरांत अधिकच ऐकू येते. योजना चांगली की वाईट, असा सरधोपट निवाडा येथे करावयाचा नाही. अशा योजनांतून गेलेल्या मुलींच्या वाट्याला काय आले, एवढेच तीन देशांच्या उदाहरणांवरून पाहावयाचे आहे.

पहिले उदाहरण फिलिपिन्सचे. १८९८ पासून १९४६ पर्यंत हा कॅथलिकबहुल देश अमेरिकेच्या अमलाखाली होता. त्या काळात तेथे अमेरिकी धर्तीच्या परिचर्या-शाळा निघाल्या. १९०६ साली इलोइलो येथील प्रोटेस्टंट मिशन रुग्णालयात आणि १९०७ साली मनिला येथील सेंट पॉल रुग्णालयात, धर्मभगिनींच्या देखरेखीखाली, अशा शाळा सुरू झाल्या. अभ्यासक्रम अमेरिकी आणि भाषा इंग्रजी. त्यामुळे पुढे अमेरिकेला परिचारिकांची उणीव भासू लागली, तेव्हा तिच्या वॉर्डांत सहज सामावून जातील अशा तरुणी फिलिपिन्समध्ये जणू तयारच होत्या.

दार उघडले ते १९४८ साली. शीतयुद्धाचा तो प्रारंभकाळ. अमेरिकेविषयी जगात सद्भाव निर्माण व्हावा, या हेतूने त्या वर्षी तेथील संसदेने स्मिथ-मुंट कायदा संमत केला आणि त्याखाली ‘एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम’ आला. इतर देशांतील माणसांनी अमेरिकेत यावे, शिकावे, काम पाहावे आणि दोन वर्षांनी आपल्या देशी परतावे, अशी त्यामागची कल्पना होती. अमेरिकी परिचारिका संघटना आणि अनेक रुग्णालये या कार्यक्रमाची प्रायोजक झाली. येणाऱ्या परिचारिकेला पगार नव्हे, तर दरमहा विद्यावेतन मिळे. १९५६ ते १९६९ या काळात ११,००० हून अधिक फिलिपिनो परिचारिका या मार्गाने अमेरिकेला गेल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस तर या कार्यक्रमाखाली अमेरिकेत येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक एकट्या फिलिपिन्सचे असत आणि त्यांत बहुसंख्या परिचारिकांची असे.

कागदावर या स्त्रिया शिकावयास आलेल्या पाहुण्या होत्या. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांनी त्यांच्याकडे स्वस्त मनुष्यबळ म्हणून पाहिले. आपल्या देशी पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला मदतनिसाची कामे दिली जात. नाही तर उलट, पूर्ण जबाबदारीचा वॉर्ड तिच्यावर सोपवून हातावर मात्र विद्यावेतनच ठेवले जाई. नकोशा पाळ्या तिच्या वाट्याला येत. ज्या विशेष प्रशिक्षणासाठी ती आली, त्याचे वर्ग कोठे नावापुरते होत, कोठे होतही नसत. तक्रार करावी, तर प्रायोजक अनेकदा तेच रुग्णालय. त्याने हात काढून घेतला की देशात राहण्याचा आधारच संपे. १९५६ च्या कायद्याने तर मुदत संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधनही घातले होते.

सर्वच रुग्णालये अशी होती असे नव्हे. अनेकींनी तेथे नवी यंत्रे, नव्या उपचारपद्धती पाहिल्या, घरी पैसे पाठविले आणि त्यावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. म्हणूनच तर मागून येणाऱ्या मुलींची रांग वाढत गेली. पण यश मिळाले ते बहुधा प्रायोजकाच्या भलेपणावर अवलंबून राहिले. योजनेच्या नियमांनी त्याची हमी दिली नव्हती. १९६५ च्या नव्या कायद्याने अमेरिकेत कायमचे स्थायिक होण्याची वाट मोकळी केली, तेव्हा भरती करणारे आणि प्रवासी दलाल पुढे सरसावले. ‘आधी उडा, मग फेडा’ अशा स्वरूपाची कर्जे निघाली. अमेरिकेत उतरलेल्या परिचारिकेला परवाना-परीक्षा द्यावी लागे आणि सत्तरच्या दशकात परदेशी शिक्षण झालेल्या बहुसंख्य परिचारिका त्या परीक्षेत पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण होत. परवाना नाही म्हणून परिचारिकेचे वेतन नाही, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू, अशी कोंडी होई. देश सोडण्यापूर्वीच चाचणी घेता यावी म्हणून १९७७ साली अमेरिकेत एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तोवर पुष्कळ जणींनी या अनुभवाची किंमत मोजली होती.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. तेथील धोका अधिक सूक्ष्म होता. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि आरंभापासूनच तिला परिचारिकांची चणचण जाणवू लागली. वेस्ट इंडीजची बेटे, आयर्लंड, पुढे मॉरिशस, मलेशिया अशा अनेक ठिकाणांहून मुली तेथे शिकावयास गेल्या. शिक्षणाच्या वाटा दोन होत्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर ‘स्टेट रजिस्टर्ड नर्स’ होता येई. दोन वर्षांचा दुसरा अभ्यासक्रम केल्यास ‘स्टेट एनरोल्ड नर्स’ ही पदवी मिळे. १९४३ च्या कायद्याने निर्माण केलेल्या ‘असिस्टंट नर्स’ या श्रेणीलाच १९६१ पासून हे नाव देण्यात आले होते. आपल्याकडे जी.एन.एम. आणि ए.एन.एम. यांत जसे अंतर आहे, साधारण तसेच हे अंतर समजावे. दोघींचा वॉर्ड एक, रुग्ण तेच. परंतु एनरोल्ड नर्सला बढतीची शिडी फार आखूड होती.

परदेशातून आलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणींना दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात घालण्यात आले. अनेकींना दोन पदव्यांतला हा फरक ठाऊकच नव्हता. घरी पाठविलेल्या पत्रात ‘मी नर्सिंग शिकते आहे’ असे त्या लिहीत, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. फरक ध्यानात येई तो शिक्षण संपल्यावर. ती पदवी घेऊन मायदेशी परतावे, तर अनेक देशांत तिला मान्यता नसे. तेथेच राहून वरची पदवी मिळवावी, तर आणखी वर्षे घालवावी लागत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रोजेक्ट २०००’ या नावाने ब्रिटनमधील परिचर्या-शिक्षणाची पुनर्रचना झाली आणि एनरोल्ड नर्सची ही श्रेणी क्रमाने मोडीत निघाली. ज्यांनी आपल्या तारुण्याची वर्षे तिच्यात घातली होती, त्यांना पुन्हा विद्यार्थिनी होण्यावाचून बढतीचा मार्ग उरला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या काळाच्या अधिक जवळचे, जपानचे. वृद्धांची संख्या वाढत चाललेल्या या देशाने आर्थिक भागीदारीच्या करारांखाली २००८ पासून इंडोनेशियाच्या, २००९ पासून फिलिपिन्सच्या आणि २०१४ पासून व्हिएतनामच्या परिचारिकांना ‘उमेदवार’ म्हणून प्रवेश दिला. या सर्व जणी आपापल्या देशी प्रशिक्षित झालेल्या होत्या. त्यांनी जपानी रुग्णालयांत मदतनीस म्हणून काम करावे, जपानी शिकावे आणि तीन वर्षांच्या आत तेथील राष्ट्रीय परिचारिका परीक्षा उत्तीर्ण व्हावी. न झाल्यास परत जावे, असा नियम होता. परीक्षा जपानी भाषेत आणि जपानी लिपीत. २००९ साली ८२ उमेदवार परीक्षेला बसल्या. एकही उत्तीर्ण झाली नाही. २०१० साली २५४ बसल्या, उत्तीर्ण झाल्या तीन. त्याच परीक्षेत जपानी विद्यार्थ्यांपैकी मात्र दर दहांतले सुमारे नऊ उत्तीर्ण होत असत.

या परिचारिकांना शुश्रूषा येत नव्हती, असे म्हणता येणार नाही. अनेक जणी अनुभवी होत्या. उणीव होती ती अभ्यासाला मिळणाऱ्या वेळेची आणि भाषेच्या पूर्वतयारीची. दिवसभर वॉर्डात राबून रात्री अंथरुणावरील जखमेचे जपानी नाव चित्रलिपीत घोकावयाचे, हे किती काळ जमणार? टीका झाल्यावर जपान सरकारने प्रश्नांतील अवघड शब्द सोपे केले, रोगांची इंग्रजी नावे जोडली, पुढे परदेशी उमेदवारांना परीक्षेसाठी अधिक वेळ दिला. व्हिएतनामच्या उमेदवारांना तर वर्षभर भाषा शिकवून, ठरावीक पातळी गाठल्यावरच नेण्याचा नियम झाला आणि त्यांचे निकाल पुष्कळ चांगले लागले. यावरून हे स्पष्ट होते की, पहिल्या तुकड्यांच्या वाट्याला आलेले अपयश मुख्यतः योजनेच्या आखणीतले होते. त्याचा भार मात्र उमेदवारांनी वाहिला.

ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक सूत्र हाती लागते. पगाराचा प्रश्न आला की तिला विद्यार्थिनी म्हणावयाचे आणि पाळ्या लावताना कामगार. दोन्ही नावे तिचीच. पण कोणते नाव केव्हा लागू करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या हाती नव्हता. यामागे प्रत्येक वेळी दुष्ट बुद्धीच होती असे मानण्याचे कारण नाही. रुग्णालयात माणसे कमी असतात म्हणूनच अशा योजना निघतात. ज्या दिवशी वॉर्डात एक परिचारिका कमी पडते, त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलीला बोलावणे येते. आणि माणसांची टंचाई रोजचीच असेल, तर ते बोलावणेही रोजचेच होते. शिक्षणाचे तास लेखी ठरलेले नसतील, तर सर्वांत आधी तेच कापले जातात.

या दुहेरी नावाचा एक परिणाम आपल्या देशातही संभवतो. १९८३ सालचा स्थलांतर कायदा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता केलेला आहे; भरती करणाऱ्या एजंटाने सरकारकडे नोंदणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. परंतु तीच मुलगी ‘विद्यार्थिनी’ म्हणून गेली, तर तिला पाठविणारा सल्लागार त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकतो. कष्ट तेच असूनही संरक्षण तेवढे उणे होते. म्हणून व्हिसा शिक्षणाचा आहे की नोकरीचा, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. अभ्यासक्रमाच्या अखेरीस मिळणाऱ्या पदवीचे पूर्ण नाव काय, त्या देशात ती कोणत्या पायरीची आणि भारतातील परिचर्या परिषद तिला मानते काय, हे लेखी विचारावे. ब्रिटनला गेलेल्या कित्येक मुलींना हाच प्रश्न विचारावयास कोणी सांगितले नाही.

तिसरा प्रश्न परीक्षेचा आणि भाषेचा. परवाना मिळेपर्यंत पद कोणते, वेतन किती, अभ्यासासाठी आठवड्याला किती तास मोकळे आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुढे काय? जर्मनीतही परदेशी पदवीला मान्यता मिळेपर्यंत परिचारिकेला साहाय्यकाच्या जागी काम करावे लागू शकते. तो काळ किती असेल, हे आधी कळले पाहिजे.

चौथा प्रश्न पैशाचा. नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? न्यू यॉर्कमध्ये फिलिपिन्सहून आलेल्या परिचारिकांच्या करारांत मुदतीपूर्वी काम सोडल्यास २५,००० डॉलर भरण्याची अट होती. २०१९ साली तेथील फेडरल न्यायालयाने ही अट मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली स्वीकारलेली आचारसंहिताही स्थलांतरित आरोग्यसेवकांना स्थानिकांच्या बरोबरीने वागवावे, असे सांगते. पण ती ऐच्छिक आहे. न्यायालयाचा निर्णय वा आचारसंहिता यांचा आधार मागाहून मिळतो. सही मात्र त्याआधीच झालेली असते आणि तीही बहुधा घाईत.

परिचर्या ही सेवा आहे, असे आपण श्रद्धेने म्हणतो. परंतु ‘सेवा’ या शब्दाचा आधार घेऊन तासांचा आणि वेतनाचा हिशेब विचारणाऱ्या मुलीला गप्प बसविणे, हे त्या सेवेचा मान राखणे नव्हे. जावयाचे असेल तर तिने अवश्य जावे. जगाला तिच्या हातांची गरज आहे. करार मात्र आधी घरी आणावा, तिला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा, आणि त्याच मार्गाने आधी गेलेल्या एखाद्या परिचारिकेला तो दाखवावा. वडिलांनी जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी हे चार प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवावेत आणि त्यांची उत्तरेही कागदावरच मागावीत.