युद्धखर्च आणि वारली प्रश्न : डहाणू-तलासरी परिसर, १९३७-१९४६

शासनाने संरक्षणावर किती व लोककल्याणावर किती खर्च करावा, हा प्रश्न बहुधा अंदाजपत्रकातील आकड्यांच्या आधारे चर्चिला जातो. डहाणू-तलासरी परिसराचा दुसऱ्या महायुद्धकाळातील इतिहास पाहता ही मोजपट्टी अपुरी ठरते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले व त्यांच्या अहवालाने सावकार-जमीनदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीची अधिकृत नोंद केली. तथापि, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरची राजवट राहिली. अहवाल होता; त्याची अंमलबजावणी करू शकणारे लोकनियुक्त सरकार उरले नाही.

दुसरा आघात अधिक अप्रत्यक्ष होता. युद्धखर्चाच्या वाटणीसंबंधी ब्रिटन व भारत सरकार यांच्यात करार झाला होता. त्यानुसार ब्रिटनच्या वाट्याची रक्कम लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत गेली. येथे मात्र तिच्या बदल्यात नोटा छापल्या गेल्या. घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. हा एक प्रकारचा करच होता, मात्र कोणत्याही विधिमंडळाने तो मंजूर केलेला नव्हता. ज्याची मजुरी जमीनदाराच्या मर्जीवर ठरत असे, त्या वारली गवतकाप्याला तो चुकविण्याचा मार्ग नव्हता.

२३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी प्रथा नाकारली. पुढे गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये ही मागणी पुढे आली. महागाईच्या त्या काळात तिला अवाजवी म्हणणे कठीण आहे. शासनाचे उत्तर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे मिळाले. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला.

सर्व दोष युद्धावर टाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. युद्ध संपले, १९४६ मध्ये खेर पुन्हा अधिकारावर आले. सिमिंग्टन अहवाल मागविणाऱ्या त्यांच्याच शासनाने त्याच वर्षी परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले.