त्रापानीचीं मिठागरें व गुड फ्रायडेची मिरवणूक

सिसिली बेटाच्या पश्चिम टोंकाशीं, समुद्रांत विळ्याप्रमाणें वळून शिरलेल्या भूमीवर त्रापानी हें शहर वसलें आहे. 'द्रेपानोन' या त्याच्या प्राचीन ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं विळा. तेथून दक्षिणेस मार्सालाकडे मिठागरें पसरलीं आहेत. बाराव्या शतकांत अरब भूगोलवेत्ता अल्-इद्रीसी यानें त्यांचा उल्लेख केला आहे. खाऱ्या पाण्याचें मीठ कसें होतें हें वसईकडील वाचकांस सांगणें नलगे. तेथील विशेष एवढाच कीं, पाणी चढविण्यास पवनचक्क्या असत, आणि मिठाच्या राशींवर पावसापासून रक्षणार्थ कौलें रचीत.

याच श्रमजीवी लोकांनीं आपल्या प्रभूचे दुःखभोग खांद्यावर घेतले आहेत. गुड फ्रायडेच्या दुपारीं निघालेली मिरवणूक शनिवारीं दुपारीं परतते. सुमारें चोवीस तास शहर झोंपत नाहीं. लाकूड, कापड व सरस यांनीं घडविलेले वीस मूर्तिसमूह बँडच्या तालावर झुलत जातात, आणि प्रत्येक समूह एकेका व्यवसायाच्या लोकांकडे सोंपविलेला आहे. या सोंपवणुकीचीं करारपत्रें 1612 सालापासून आढळतात. गेथशेमनी बागेंतील प्रभु माळ्यांकडे, शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग कोळ्यांकडे, क्रूस उभारणें सुतारांकडे. कांट्यांचा मुकुट भट्टीवाल्यांकडे कां, हें मात्र मला उमगलेलें नाहीं. सर्वच वांटण्या अर्थ लावून झाल्या असतील असें मानण्याचें कारणहि नाहीं.

खर्च, डागडुजी, फुलें, दिवे, हें सर्व ज्याचें त्यानें करावयाचें. 1943 सालीं बाँबवर्षावांत या मूर्तींचें सेंट मायकल मंदिर उद्ध्वस्त झालें व कांहीं समूहांची फार हानि झाली. तीं दुरुस्त करण्यांत आलीं, आणि पुढें पुर्गातोरियो मंदिरांत त्यांस आसरा मिळाला. मंदिर गेलें, परंतु सोंपवणूक मोडली नाहीं.

व्यवसायांचें मात्र तसें नाहीं. समोरच्या फाविन्याना बेटावर 'राईस' या अरबी नांवाच्या नायकाच्या हुकुमानें जाळ्यांत कोंडून कुपा मासा मारीत; 1874 सालीं फ्लोरिओ घराण्यानें तीं बेटें घेऊन तेथें मोठा कारखाना चालविला. 2007 सालीं ती मासेमारी शेवटची झाली, व कारखान्याचें आतां संग्रहालय आहे. मिठागरांचा टापू 1995 पासून संरक्षित आहे. मीठ निघतें, परंतु पूर्वींइतके हात लागत नाहींत.

मिठागरी लोकांकडील समूह अठरावा: प्रभूचा देह कबरेकडे नेतांना. त्यामागून कांचेच्या पेटींतील मृत ख्रिस्त, आणि सर्वांत शेवटीं दुःखी माता. शनिवारीं मंदिराच्या दाराशीं येऊनहि वाहणारे आंत जाण्यास राजी नसतात. दोन पावलें पुढें, पुन्हां मागें, असें कितीतरी वेळ चालतें.